गुलमर्गला जाऊन आलेला अंगठा

बिरवाडी

बर्फावर घसरायला जाण्यासाठी बिरवाडीहून स्वतंत्र विमान करून जावं लागतं, असा काही नियम नाही. शांतारामशेठनी ते केलं. त्या विमानातून मी गेलो आणि परत आलो. ज्यांना हा योग आलेला नाही आणि लवकर येईल असं दिसत नाही, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो.

शांतारामशेठ महाडच्या औद्योगिक वसाहतीला टँकर पुरवतात. राहतात बिरवाडीत, मूळचे पोलादपूर तालुक्यातले, उमरठच्या वरच्या अंगाला डोंगरात असलेल्या एका वाडीचे. मुलगी पुण्यात दिली आहे. तिचे सासू-सासरे हिवाळ्यात स्वित्झर्लंडला स्कीइंग करून आले आणि पुढचे कित्येक दिवस कुटुंबाच्या ग्रुपवर रोज सकाळी एकेक फोटो टाकत राहिले. शेठ रोज त्याखाली दोन हात जोडत राहिले. शेवटच्या फोटोत व्याही एका पायावर उभे होते. त्या दिवशी शेठनी हात जोडले नाहीत. मुंबईच्या एका विमान कंपनीला फोन केला.

साधं तिकीट काढून जाता आलं असतं. पण मध्ये शिमगा येत होता, आणि स्वतंत्र विमानाचं खरं कारण तेच होतं.

त्यांच्या वाडीत होळीच्या दुसऱ्या दिवशी गावदेवीची पालखी घरोघर जाते. सहाणेवरून, म्हणजे पालखी बसवायच्या चौथऱ्यावरून, ती उठली की पहिली शांतारामशेठच्या दारात येते. हा पहिल्या घराचा मान त्यांच्या वडिलांचा, त्याआधी आजोबांचा. अट एकच. दार उघडं पाहिजे आणि घरच्या माणसाने उंबऱ्यात पालखीच्या खांदेकऱ्यांचे पाय धुतले पाहिजेत. दार बंद दिसलं तर पालखी थांबत नाही, पुढच्या घरी जाते, आणि पुढच्या वर्षापासून ते पहिलं घर होतं. शेठच्या पुढचं घर त्यांच्या चुलतभावाचं, तुकारामचं. तुकाराम वाडीतच राहतो, नाचणी करतो, शेळ्या पाळतो. मानाबद्दल त्याने कधी अवाक्षर काढलेलं नाही. शेठच्या मते त्याचा मानावर डोळा असल्याचा हाच पुरावा.

या पुराव्याच्या बळावर शेठनी वाडीतलं जुनं घर पाडून तिथे बंगला बांधला आणि त्याच्या पुढच्या दाराला अंगठ्याच्या ठशाने उघडणारं कुलूप बसवलं. वर्षातून दोन दिवस राहायच्या बंगल्याला असं कुलूप पंचक्रोशीत दुसरं नाही. त्यात शेठच्या पत्नीचा, सुलभावहिनींचाही अंगठा नोंदवायचा होता, पण यंत्राने तो घेतला नाही. भाताची लावणी, राख, भांडी आणि विळी यांनी त्यावरच्या रेषा केव्हाच नेल्या होत्या.

"ऱ्हाऊ दे गो," शेठ म्हणाले. "माझा हाय तो पुरे."

त्या कुलपाला आकडे दाबूनही उघडायची सोय असते. ती शेठनी बंद करून घेतली. तुकाराम मागे उभा राहून आकडे बघेल, ही भीती. अडीअडचणीला एक साधी चावीही मिळाली होती. ती हरवू नये म्हणून त्यांनी बंगल्यातल्या कपाटात ठेवली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

आता माझं काम. मी मुंबईच्या एका दैनिकात दुसऱ्यांच्या बातम्या तपासत निवृत्त झालो आणि महाडला येऊन राहिलो. शेठना "सगळं नीट लिहून काढणारा" हवा होता. जे लिहून होईल ते व्याह्यांना पाठवायचं होतं. त्यांना खरं तर सोबत यायचंही आमंत्रण होतं. त्यांनी कळवलं की भारतातला बर्फ त्यांना मानवत नाही.

मुंबई

खासगी विमानाच्या प्रवाशांसाठी विमानतळाला वेगळं दार आहे. तिथे रांग नाही. रांग नसल्यामुळे आपण पुढे आहोत हे बघायलाही कोणी नाही. शेठ जरा हिरमुसले.

विमान एखाद्या मोठ्या टँकरएवढं. ही तुलना शेठचीच. त्यांनी त्याला बाहेरून एक फेरी मारली, चाकांकडे वाकून पाहिलं आणि पिशवीतून नारळ काढला. बिरवाडीत नवा टँकर आला की पुढच्या चाकाशी नारळ फुटतो, त्याशिवाय तो फाटकाबाहेर जात नाही. पिवळं जाकीट घातलेला एक कर्मचारी धावत आला. धावपट्टीच्या आवारात करवंटीचा एक तुकडा इंजिनात गेला तर काय होईल, हे त्याने अतिशय नम्रपणे सांगितलं.

"मंग न फोडता न्यायचं इमान?" वहिनींनी विचारलं.

नारळ न फोडता आत आला. त्याला खिडकीची जागा मिळाली. व्याही नसल्यामुळे जागा भरपूर होत्या.

आतल्या खुर्च्या पांढऱ्या चामड्याच्या. सेवेला एक मुलगी होती. तिने ऑलिव्ह, चीज आणि बोटाएवढ्या ब्रेडवर ठेवलेलं काहीतरी आणलं. शेठनी एक ऑलिव्ह तोंडात टाकलं, आवळा असावा तसं चावलं आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं. मग वहिनींनी डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. बंद विमानात सुकटीचा वास किती वेगाने पसरतो याचा अनुभव फार थोड्यांना असेल. चालककक्षाचं दार उघडलं आणि कॅप्टन स्वतः बाहेर आले. आम्ही तिघांनीही खाणं थांबवलं. कॅप्टन मूळचे अकोल्याचे निघाले. त्यांनी अर्धी भाकरी मागून घेतली आणि परत जाऊन विमान चालवू लागले.

श्रीनगर जवळ आल्यावर मुलीने येऊन सगळ्या खिडक्यांचे पडदे खाली ओढले. तो लष्करी विमानतळ, उतरताना बाहेर पाहायची परवानगी नाही.

"खिडक्या मोठ्या हायत म्हणून तर हेच इमान घेतलं," शेठ म्हणाले.

हिमालय अशा प्रकारे पडद्याच्या पलीकडे येऊन गेला.

गुलमर्ग

गुलमर्गबद्दल वाचकांनी फोटो पाहिलेले आहेत, आणि ते फोटो खरे आहेत. देवदारांच्या फांद्यांवर बर्फ, मधून धूर निघणारी छपरं, वर केबलने जाणारे पाळणे. आमच्याकडे वरंध घाटात धुकं उतरतं तेव्हा समोरचा डोंगर नाहीसा होतो. इथे बर्फ पडला की डोंगर दिसतो, मधली जमीन नाहीशी होते. थंडी अशी की वहिनींनी पहिल्या संध्याकाळी अंगात जे जे घातलं ते तिथून निघेपर्यंत उतरवलं नाही.

तिथली माणसं पोटाशी, लांब झग्याच्या आत, निखाऱ्याचं मडकं धरून हिंडतात. त्याला कांगडी म्हणतात. वहिनींना ती वस्तू फार पसंत पडली. आपल्याकडे शेगडीभोवती माणसं बसतात, इथे शेगडीच माणसाबरोबर फिरते. एक कांगडी त्यांनी विकतही घेतली. बिरवाडीत ती कशाला लागेल, असं शेठनी विचारलं. "आणि ह्यो बर्फावरचा डरेस कशाला लागल?" वहिनी म्हणाल्या. शेठनी विषय बदलला.

तो पोशाख केशरी होता. त्यात शेठ लांबून रस्त्याच्या कामावर ठेवलेल्या पिंपासारखे दिसत. शिकवणारे बशीरभाई हे गंभीर चेहऱ्याचे, मधल्या वयाचे गृहस्थ. त्यांनी आधी सगळ्यांना पडायला शिकवलं. शेठना हे पटलं नाही.

"पडायला शिकायला मी एवढ्या लांब आलो नाय," ते म्हणाले. बशीरभाईंना मराठी कळलं नाही, त्यामुळे धडा चालू राहिला.

नवशिक्यांचा उतार म्हणजे जेमतेम चढ असलेलं मैदान. पलीकडे शाळेतली मुलं सपासप घसरत होती. शेठ पायांत लांब पट्ट्या आणि हातांत काठ्या घेऊन उभे राहिले. मी फोटो काढायला खाली थांबलो. शेठना तो व्याह्यांसारखा, एका पायावर हवा होता. बशीरभाई म्हणत होते, "सर, घुटना मोड़िए, फोन अंदर रखिए." शेठ फोन आत ठेवण्याच्या बेतात असतानाच तो वाजला. तुकाराम होता, चित्रासकट.

"दादा, दिसतंय काय रं? काय अवतार केलायस!"

"बोल लवकर. कामात हाय मी."

"अरे, बायका आंगण सारवायला आल्यात. घर कधी उघडतंस? आतली झाडलोट कवा करायची?"

"परवा मी येतो, अंगठा लावतो, उघडतो. तू कायपण हात लावू नको."

"मी कशाला हात लावतोय? दादा, अरे तू मागं चाललायस!"

ते खरं होतं. फक्त दिशा तुकारामला उलटी दिसत होती. शेठ पुढे चालले होते. आधी हळू, मग तितकं हळू नाही. फोन त्यांनी सोडला नाही. व्यवसायाची सवय. उजव्या हातातली काठी मात्र बर्फात रुतली आणि तिचा पट्टा अंगठ्याला धरून मागे राहिला. शेठ पुढे गेले, अंगठा जागीच थांबला. फोनमधून वाडीतल्या बायकांचं हसणं बराच वेळ ऐकू येत होतं.

बर्फावर घसरणाऱ्यांना हीच दुखापत नेहमी होते, असं पायथ्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. हे ऐकून शेठना थोडं बरं वाटलं. अंगठ्याच्या बुडाचा सांधा दुखावला होता, टोकाची कातडी सोलवटली होती. मनगटापासून प्लास्टर घालायचं ठरलं, अंगठा सरळ वर राहील असं.

"टोक खुला रखो," शेठ म्हणाले.

"क्यों?"

"उससे घर खुलता है."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोक्यालाही मार लागला आहे का, असं विचारलं. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, टोक उघडं ठेवलं आणि वेदनाशामक गोळीची मात्रा वाढवली.

श्रीनगर

परतीच्या दिवशी पहाटेपासून बर्फ पडू लागला. आम्ही श्रीनगरला पोहोचलो तेव्हा विमानतळ बंद झाला होता. त्या दिवशी होळी होती.

हॉटेलच्या दिवाणखान्यात शेठ आणि कॅप्टन यांची बैठक झाली.

"इमान माझं हाय ना?" शेठनी विचारलं.

"तुमचंच आहे, सर."

"मी सांगीन तवा निघणार, असं तुमच्या कंपनीनं सांगितलं होतं ना?"

"हो सर. धावपट्टीवर बर्फ आहे."

"मंग काढायला सांगा."

"काढतायत, सर. वरून पडतोय."

सामान्य विमानाचे प्रवासी बाजूच्या सोफ्यांवर बसले होते. त्यांचीही विमानं जात नव्हती. ते चहा पीत होते. शेठनाही तोच चहा मिळत होता. केशर घातलेला, बदामाचे काप तरंगणारा काहवा. तो छान होता, पण शेठना त्यातही आपल्यासाठी वेगळं काही नाही, हेच दिसलं असावं.

संध्याकाळी तुकारामने पुन्हा फोन केला. वाडीत होळी उभी राहिली होती. माणसं, पोरं, मागे अंधारू लागलेला डोंगर, खालूबाजाचे ढोल. मुंबईहून आलेली सगळी घरं तिथे होती. शेठ फोनच्या काचेकडे बघत राहिले.

"उद्या संध्याकाळी पालखी उठणार," तुकाराम म्हणाला. "येतंस ना रं?"

"येतो."

"नाय आलास तर?"

शेठनी खिडकीबाहेर पडणाऱ्या बर्फाकडे पाहिलं.

"दादा, कुलूप तोडू काय?"

"तोडलंस तर याद राख." हे मात्र लगेच आलं.

तिकडे होळी पेटली. आमच्या भागात होळी पेटली की तोंडावर हात मारत बोंब ठोकतात, हे वाचकांना सांगायला नको. श्रीनगरच्या हॉटेलवाल्यांना सांगायला हवं होतं. दिवाणखान्याच्या मध्ये एक लोखंडी शेगडी धडधडत होती. शेठ तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, डावा हात तोंडावर नेला आणि ठोकली. फोनमधून वाडीने उत्तर दिलं. वहिनींनीही मग मागे राहणं बरं दिसत नाही म्हणून भर घातली. व्यवस्थापक धावत आले. कोणी गेलं का, असं त्यांनी विचारलं. खानसामा पाणी घेऊन आला. मी सण असल्याचा खुलासा केला. व्यवस्थापकांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला, प्लास्टरचा अंगठा पाहिला आणि उत्तरादाखल आपलाही अंगठा वर केला.

वहिनी नंतर माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"भावजी, पहिल्या घराचा मान गेला ना, तर हे जेवायचे नाय. सासऱ्यांना शबूद दिलाय त्यांनी. टँकर गेले तरी चालतील, ह्यो नाय जायला पायजे."

शेठच्या एकूण वस्तूंमध्ये भाड्याने न घेतलेली, विकत न आणलेली अशी ही एकच होती. त्यामुळे ती जायची भीती त्यांना खरी होती.

परतीचा रस्ता

दुसऱ्या दिवशी आकाश उघडलं. पडदे खाली ओढले गेले, हिमालय पुन्हा पडद्याच्या पलीकडे राहिला आणि आम्ही दुपारी मुंबईत उतरलो. इथपर्यंत विमानाने आपलं काम चोख केलं. कॅप्टननी निरोप घेताना सुकट कुठे मिळते ते विचारून घेतलं.

पुढे गोव्याचा महामार्ग. त्याचं काम चालू आहे. याहून जास्त त्याबद्दल लिहिणं म्हणजे जुनीच बातमी पुन्हा देणं. हिमालयापासून मुंबईपर्यंत यायला जो वेळ लागला तो आम्ही माणगावच्या अलीकडेच ओलांडला. शेठनी मध्येच विमान कंपनीला फोन करून महाडला विमान उतरवता येईल का, असं विचारलं. विमान मागे मुंबईत उभं आहे आणि आपण गाडीत आहोत, हे त्यांच्या लक्षात आणून द्यावं लागलं.

महाड गेलं, पोलादपूर गेलं, उमरठ मागे पडलं. वर चढणाऱ्या कच्च्या रस्त्यावर गाडीच्या काचा खाली केल्या तेव्हा ढोल ऐकू आले.

"उठली," वहिनी म्हणाल्या.

वाडी

पालखी सहाणेवरून उठली होती, पण चालली नव्हती. खांदेकरी तिला खांद्यावर नाचवत होते. नाच जरा लांबला होता. पुढे खालूबाजा, मागे सगळी वाडी. तुकाराम कुठे दिसला नाही. शेठ केशरी जाकिटातच उतरले आणि बंगल्याच्या पायऱ्या चढले. अंगण सारवलेलं होतं, रांगोळी घातलेली होती. त्यांनी प्लास्टरमधला अंगठा कुलपावर टेकवला.

लाल दिवा लागला.

त्यांनी जाकिटाला पुसून पुन्हा टेकवला. लाल. वहिनींनी पदराने पुसला. लाल. सोलवटलेल्या कातडीवर आता काळी खपली धरली होती, टोक सुजलं होतं. यंत्राच्या दृष्टीने हा कोणी वेगळाच इसम होता. आणखी दोनदा लावल्यावर कुलपाने एक लांब शिट्टी दिली आणि सगळे दिवे मालवून टाकले.

पालखी अंगणाच्या तोंडाशी आली. ढोल थांबले. गुरवांनी बंद दाराकडे पाहिलं, मग शेठकडे.

"शांताराम, दार?"

शेठनी अंगठा दाखवला. गर्दीतल्या बऱ्याच जणांना वाटलं, सगळं ठीक आहे असं ते सांगतायत. काही पोरांनी उलट अंगठे दाखवले.

"पालखी उभी ऱ्हायची नाय," गुरव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. खांदेकऱ्यांनी खांदे बदलले. पुढचं घर तुकारामचं, त्याचं दार सताड उघडं होतं, उंबऱ्यात पाण्याची घागर भरून ठेवलेली होती. शेठच्या चेहऱ्यावर बर्फावरही नव्हता असा पांढरा रंग आला.

तेवढ्यात तुकाराम बंगल्याच्या कोपऱ्यावरून पुढे आला.

"दादा, मागनं ये. लवकर."

"मागनं कुठनं?"

"सैपाकघराच्या दारानं. त्याला नुस्ती कडी हाय. भायेरनं काडीनं उघडते."

शेठ थबकले. "तुला काय ठाव?"

"ये म्हणतो ना! मंग भांड."

आम्ही मागे धावलो. स्वयंपाकघराच्या दाराला खरोखरच साधी कडी होती. पुढच्या कुलपावर इतका विचार खर्च झाल्यावर मागच्या दाराला काही उरला नसावा. आत ओट्यावर नाचणीची पोती रचलेली होती. जेवणाच्या टेबलावर कांदे वाळत होते. बेडरूममधून एक शेळी बाहेर आली, तिच्यामागून दोन करडं. शेठ सगळं बघत बघत, पण न थांबता, पुढच्या दाराकडे गेले. दार आतून साध्या मुठीने उघडतं. ते उघडलं. समोर पालखी, मागे वाडी. शेठच्या पायांत करडू.

आता पाय धुवायचे. तांब्या उजव्या हाताने धरायचा, आणि उजवा हात प्लास्टरमध्ये. शेठनी डावा पुढे केला. गुरवांनी मान हलवली. देवाच्या कामाला डावा नाही.

"तुका, तू वत पाणी," गुरव म्हणाले. "शांताराम, तू त्याच्या हाताला हात लाव."

पूजेला नवरा बसला की बायको त्याच्या हाताला हात लावून शेजारी बसते. ही पद्धत सगळ्यांच्या ओळखीची आहे. तुकारामने तांब्या घेतला. शेठनी आपला प्लास्टरचा हात त्याच्या कोपराला टेकवला आणि मान खाली घातली. मागून कोणीतरी बाई म्हणाली, "गो बाय, नाव घ्यायला सांगा!" वाडी खदखदून हसली. खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी पडलं. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं आणि त्यात घरधनी म्हणून शांतारामचं नाव घेतलं. मग जरा थांबून तुकारामचंही घेतलं. पालखी आत गेली. वहिनींनी देवीची ओटी भरली. विमानातून काश्मीर पाहून आलेला नारळ तिथे फुटला.

ओसरीवर प्रसाद खाताना शेठनी विचारलं, "कधीपासून रं?"

"बंगला बांधलास तवापासून. नाचणीला उंदीर लागतात आमच्याकडं. तुझी फरशी चांगली हाय."

"आणि शेळ्या?"

"पावसाळ्यात म्हणून आणल्या. मंग त्यांनाच आवडलं."

"बोलायचं नाय मला?"

"तू कुलूप दाखवत होतास दादा, मधी कसा बोलू?"

शेळीने त्यांच्या पानातला प्रसाद खाल्ला, तरी ते तसेच बसले होते.

व्याह्यांना गुलमर्गचा एकच फोटो गेला. त्यात शेठ बर्फात बसलेले आहेत आणि अंगठा वर आहे. खाली व्याह्यांनी दोन हात जोडले आहेत.

प्लास्टर निघाल्यावर शेठनी महाडहून माणूस बोलावला आणि कुलपात तुकारामचाही अंगठा नोंदवायला सांगितला. त्या माणसाने तो सगळ्या बाजूंनी टेकवून पाहिला. यंत्राने घेतला नाही. कोयता, दोर आणि नांगराची मूठ यांनी त्यावर काही शिल्लक ठेवलेलं नव्हतं. तुकारामने बोट पुसलं आणि मागच्या दाराने जाऊन शेळीला पाणी ठेवलं.